सर म्हणतात कागद, मालक म्हणतात टॅब

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखक अडतिशीतले, बी.कॉम. झालेले. मराठवाड्यातल्या एका छोट्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेत ते मॅनेजर आहेत, स्वतः वैमानिक नाहीत. संस्थेकडे दोन आसनांची तीन विमानं आणि चार आसनांचं एक. मालक पुण्यात राहतात. नव्या बॅचपासून कागदी चार्ट, म्हणजे वैमानिकांचे नकाशे, बंद करायचे, प्रत्येक विद्यार्थ्याला टॅब द्यायचा आणि त्याचे पैसे फीमध्ये धरायचे, असं मालकांनी जवळजवळ ठरवलं आहे. महिनाअखेर तसा लेखी प्रस्ताव पत्रलेखकानेच द्यायचा आहे. मुख्य प्रशिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं एकाच वाक्याचं: "ज्या दिवशी कागद जाईल, त्या दिवशी मीही जाईन." विद्यार्थ्यांचा कारभार तिसराच. "पोरं ऐकायलीच नाहीत. मॅप बॅगेत अन् टॅब मांडीवर," असं पत्रात आहे. गेल्या उन्हाळ्यात सोलो क्रॉस कंट्रीवर, म्हणजे एकट्याने दुसऱ्या गावापर्यंतच्या उड्डाणावर, गेलेल्या एका मुलाचा टॅब तापून बंद पडला. नकाशा सीटमागच्या बॅगेत होता, तिथे हात पोचेना. टॉवरशी बोलत, खालचे रेल्वेचे रूळ धरत तो विमानतळावर आला आणि सुखरूप उतरला. पत्रलेखकाची झोप मात्र तेव्हापासून उडाली आहे. ते विचारतात: "सरांना टॅब जमत नाही म्हणून ते विरोध करायलेत का? मोठ्या विमान कंपन्यांनी कागद सोडला, मग आपणच का धरून बसायचं? आणि मी विमान न उडवणारा माणूस, मी कुणाला काय सांगू?"

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. विमान न उडवणाऱ्याने यात बोलावं का? बोलावं. विमान मीही कधी उडवलेलं नाही. माझी नोकरी विमानतळावरच्या ब्रीफिंग रूममध्ये गेली. उड्डाणाआधी नोटॅम (विमानतळ आणि हवाई मार्गांवरच्या ताज्या बदलांच्या सूचना) आणि हवामान घ्यायला वैमानिक येतात, ती खोली. प्रत्येक वैमानिकाचा आपल्या साधनावर जीव असतो, हे तिथे रोज दिसायचं. जीव असलेल्या वस्तूबद्दल अडचणीचे प्रश्न विचारायला बाहेरचाच माणूस लागतो. "हे बंद पडलं तर काय?" आणि "यातली माहिती कोणत्या तारखेची?" एवढं विचारायला लायसन्स लागत नाही. तुमच्या प्रस्तावात या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं आली, तर तो प्रस्ताव कुठल्याही वैमानिकाने लिहिलेल्या प्रस्तावाच्या तोडीचा होईल.

आता मोठ्या कंपन्यांकडे वळू. त्यांनी नेमकं काय सोडलं ते बघायला हवं. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ साली कॉकपिटमधल्या कागदी बॅगा काढून वैमानिकांच्या हाती आयपॅड दिले. एकेक बॅग सोळा किलोच्या घरात भरायची. तिच्यात प्रत्येक विमानतळाचे उतरण्याचे, उडण्याचे, जमिनीवर फिरण्याचे चार्ट असायचे. पातळ कागदाची शेकडो पानं, सात कड्यांच्या फायलींत लावलेली. ठरावीक दिवसांनी दुरुस्तीच्या पानांचा लिफाफा यायचा. जुनं पान काढा, नवं लावा, शेवटी नोंदीच्या पानावर तारीख घालून सही करा. कागद इतका पातळ की दोन पानं हमखास एकत्र उलटायची, आणि जे पान काढायचं तेच फायलीत राहून शेजारचं चांगलं पान टोपलीत जायचं. हे काम ज्याच्या गळ्यात असे, त्याचा चेहरा मला आजही आठवतो. टॅब आल्यावर ही मंडळी खूश झाली, ते रास्तच होतं.

पण तिथे टॅब आला तो बॅगेच्या जागी. वाट दाखवण्याचं काम त्या कागदाकडे उरलंच नव्हतं. ते विमानात कायमची बसवलेली यंत्रणा करत होती आणि आजही करते. टॅब विझला तरी विमानाला आपण कुठे आहोत ते ठाऊक असतं. शिवाय दोन वैमानिक, दोघांचे दोन टॅब, चार्जिंगची सोय, गार कॉकपिट, जमिनीवरून उड्डाणाकडे लक्ष ठेवणारा डिस्पॅचर. तुमच्या दोन आसनी विमानात एकटा गेलेल्या विद्यार्थ्याच्या मांडीवरचा नकाशा हीच त्याची सगळी यंत्रणा. त्यामुळे "कंपन्यांनी केलं, आपणही करू" म्हणताना तुम्ही त्यांच्याहून कितीतरी मोठी गोष्ट बदलताय. मालकांना हे एवढं जरी समजावता आलं, तरी चर्चेचा सूर बदलेल.

एवढी तयारी असूनही त्यांचं एकदा अडलंच. २८ एप्रिल २०१५ रोजी त्याच अमेरिकन एअरलाइन्सच्या टॅबमधलं चार्टचं ॲप अचानक मिटायला लागलं. वॉशिंग्टनच्या रीगन विमानतळाचा एक चार्ट माहितीसाठ्यात दोनदा शिरला होता, तेवढ्याने ॲप गडबडलं. दोन्ही वैमानिकांचे टॅब एकदम गेले, कारण दोन्हींत तीच माहिती होती. काही डझन उड्डाणं रखडली. काही विमानं तर वाय-फाय मिळावं म्हणून गेटवर परत आली. दुसरा टॅब जवळ ठेवला म्हणजे सोय झाली, असं तुमचे मालक म्हणतील तेव्हा ही हकीकत सांगा. एकाच कारणाने दोन्ही बंद पडणार असतील, तर दोन टॅब म्हणजे एकच टॅब.

आता सर. तुम्ही गृहीत धरलंय की त्यांना टॅब जमत नाही. विचारलंय का कधी? हवाई दलातून आलेला माणूस यंत्राला बिचकेल, हे मला पटत नाही. मला वाटतं, सरांना जे खुपतंय ते वेगळं आहे आणि ते त्यांना एका वाक्यात मांडता येत नाहीये. माझ्या परीने मांडून बघते.

लातूर ते नांदेड हे उड्डाण घ्या. सरळ रेषेत साधारण ६७ नॉटिकल मैल (एक म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर; पुढचे मैलही हेच), ९० नॉटने, म्हणजे ताशी ९० नॉटिकल मैलांनी, पाऊण तास. विद्यार्थ्याने आदल्या संध्याकाळी नकाशावर पेन्सिलने रेघ मारली, दर दहा मैलांवर खूण केली, वाऱ्याचा हिशेब करून दिशा काढली. उडाल्यावर विसाव्या मिनिटाच्या सुमाराला अहमदपूर त्याच्या उजव्या हाताला साधारण सहा मैलांवर दिसायला हवं. समजा ते तीनच मैलांवर दिसलं. म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्याने विमान तीन मैल उजवीकडे सरकलंय. वैमानिकांचा एक जुना तोंडी हिशेब आहे: साठ मैलांत एक मैल सरकलात तर चूक एक अंशाची. इथे तीस मैलांत तीन, म्हणजे सहा अंश. पुढच्या सदतीस मैलांत ते तीन मैल भरून काढायचे तर आणखी पाच. अकरा अंश डावीकडे वळायचं, घड्याळ बघायचं, आणि नांदेडची गोदावरी किती वाजता दिसेल ते कागदाच्या कडेला लिहून ठेवायचं. हे सगळं डोक्यात, एका हाताने विमान सांभाळत, रेडिओवर बोलत.

टॅबवर यातलं काहीच करावं लागत नाही. विमानाचं छोटं चित्र रेघेवरून सरकलं की तेवढं वळायचं. उत्तर बरोबर येतं, बहुतेक वेळा अधिक अचूकही येतं. पण अहमदपूर दिसलं की नाही, याच्याशी मुलाचं देणंघेणं उरत नाही. फोनवर रस्ता लावून लातूरहून पुण्याला गाडी नेणाऱ्याला वाटेत बार्शी लागली की नाही ते सांगता येत नाही, तसंच. गाडीवाला थांबून टपरीवर विचारू शकतो, विमान थांबत नाही. "मी आत्ता कुठे आहे?" हा प्रश्न स्वतःला सतत विचारत राहण्याची सवय लागावी म्हणून तर प्रशिक्षण असतं, आणि टॅब तो प्रश्न पडण्याआधीच उत्तर देऊन टाकतो. सर ज्याला कागद म्हणतात ते हेच असावं. या मुद्द्यावर मी शंभर टक्के सरांच्या बाजूने आहे.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र नाही. सरांच्या नकाशाची छपाई कोणत्या सालची आहे ते बघा. घड्या पडून पडून मधली दोन-तीन गावं पुसली गेली असतील, ते एक वेळ चालेल. पण त्यावर समृद्धी महामार्ग आहे का? डिसेंबर २०२२ पासून जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या अंगाने जाणारा तो पट्टा वरून इतका ठळक दिसतो की नवखा मुलगा त्यालाच जुना नागपूर रस्ता समजून बसेल. बीड-धाराशिवच्या माळांवर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या आहेत का? कमी उंचीवरून उडणाऱ्या विमानाला त्यांच्याइतकी महत्त्वाची दुसरी खूण नाही. जुन्या कागदाला स्वतःचं वय सांगता येत नाही, आणि प्रेमाने वापरलेल्या नकाशाला ते कुणी विचारतही नाही. आपल्याकडे विमानतळं, रेडिओ फ्रिक्वेन्सी, प्रतिबंधित हवाई क्षेत्रं यांचे बदल जगभर पाळल्या जाणाऱ्या २८ दिवसांच्या चक्राने लागू होतात. ते तपासण्यासाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं ई-एआयपी, म्हणजे या माहितीचं अधिकृत पुस्तक, इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे. या कामात टॅब कागदाला केव्हाच मागे टाकतो.

अर्थात टॅबवर दिसतं ते सगळं नवंच, हाही भ्रम नको. कित्येकदा पडद्यावरचा पार्श्वभूमीचा नकाशा हा जुन्याच कागदाचा स्कॅन असतो. चकचकीत दिसतो म्हणून ताजा वाटतो. अमेरिका-युरोपात नावाजलेलं ॲप मराठवाड्याबद्दल तेवढीच माहिती देईल, हेही धरून चालू नका. विकत घेण्याआधी सरांच्या नकाशाशेजारी टॅब ठेवा आणि तेच प्रश्न त्यालाही विचारा.

मराठवाड्यात तर एक अडचण अशी आहे की ती दोघांनाही सुटत नाही. नकाशावर निळं दाखवलेलं पाणी मे महिन्यात असेलच असं नाही. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या उन्हाळ्यात मांजराचा जलाशय खूण म्हणून धरून उडणाऱ्याला खाली भेगाळलेली जमीन दिसली असती. नाथसागरसुद्धा उन्हाळ्यात आपला काठ बदलतो. म्हणून इथल्या मुलांना आटत नाहीत अशा खुणा धरायला शिकवावं लागतं: परभणी, पूर्णा, परळीला फुटणारे रेल्वेचे फाटे, बालाघाटाची कडा. नकाशावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याला कळलं, त्याला पुढे टॅबवर किती ठेवायचा तेही कळतं.

आता त्या तापलेल्या टॅबबद्दल. तो बिघाड नव्हताच. ॲपलने आयपॅडच्या वापरासाठी दिलेली मर्यादा शून्य ते ३५ अंश सेल्सिअस आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीत बेचाळीस असतं. काचेच्या आत, उन्हात उभ्या असलेल्या विमानात किती होत असेल! टॅबने सांगितल्याप्रमाणे केलं: तापला, स्वतःला वाचवायला बंद झाला. म्हणजे एकदा घडलेला अपघाती प्रकार म्हणून हे सोडून देता येणार नाही, दर उन्हाळ्यात हे होणार. टॅब विमानात ठेवून चहाला जायचं नाही. पुढच्या काचेला चिकटवायचा नाही, मांडीवर, शक्यतो अंगाच्या सावलीत ठेवायचा. काळं जाड कव्हर काढायचं. उडताना चार्ज करत बसायचं नाही, चार्जिंगने तो आणखी तापतो. रात्रीच पूर्ण भरून ठेवायचा. एवढं करूनही भर दुपारच्या उड्डाणात तो दगा देईल हे धरूनच तयारी करायची.

खरेदीतल्या दोन खाचा सांगते, कारण त्यांत लोक पैसे घालवतात. फक्त वाय-फायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतंच. ते सिमकार्डाच्या मॉडेलमध्ये असतं, सिम घातलं नाही तरी चालतं. स्वस्त पडतात म्हणून वाय-फायवाले घाऊक घेतले, तर हँगरमध्ये सगळं झकास दिसेल आणि वर गेल्यावर विमानाचं चित्र हलणारच नाही. दुसरं, गॉगल. पोलराइज्ड काचेचा गॉगल घालून काही पडदे एका बाजूने पाहिले की काळेठिक्कर दिसतात. विद्यार्थ्याला वाटतं टॅब गेला. जमिनीवरच गॉगल घालून, टॅब आडवा-उभा फिरवून बघायला अर्धं मिनिट लागतं.

पडद्याचे आणखीही काही गुण कागदात नव्हते. दूरचं बघायला नकाशा लहान केला की बारीक तपशील गायब होतात. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये व्होल्वो ओशन रेसमधली वेस्टास विंड ही शिडाची नौका हिंदी महासागरात मॉरिशसच्या ईशान्येकडच्या खडकांवर चढली, ती अशीच. ते खडक इलेक्ट्रॉनिक नकाशात होते, पण पुरेसं मोठं करून पाहिलं तरच दिसत होते. आणि पडदा दिलेला आकडा निमूट घेतो. २००९ साली मेलबर्नला एमिरेट्सच्या विमानाच्या टेकऑफचा हिशेब लॅपटॉपवर करताना वजन ३६२.९ ऐवजी २६२.९ टन टाकलं गेलं. शंभर टनांची तफावत यंत्राला खटकली नाही, माणसांच्याही नजरेतून सुटली. विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली आणि ते कसंबसं वर गेलं. सगळे वाचले. तुमच्या छोट्या विमानातही वजन आणि इंधनाचा हिशेब ॲपवर होणार असेल, तर आधी मनाने अंदाज बांधून मगच आकडा टाकायची शिस्त हवी. जीपीएसचं म्हणाल तर २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीभोवती खोटे संकेत मिळत असल्याच्या तक्रारी वैमानिकांनी केल्या, आणि सरकारनेही ते संसदेत मान्य केलं. आपल्या भागात असं रोज घडेल असं मी म्हणत नाही. पण टॅबवरचं चित्र म्हणजे आकाशवाणी नव्हे, एवढं मुलांना कळायला हवं.

आणि मान खाली घालून बसण्याचं काय? २६ एप्रिल १९९३ ला तेव्हाच्या औरंगाबादहून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकलं. ५५ माणसं गेली. त्याची कारणं वेगळी होती, चार्टचा त्यात दोष नव्हता. पण रस्त्यावरचा ट्रक कुठल्याच नकाशावर नसतो. पडदा जितका देखणा, तितका तो नजर आत खेचतो, आणि विशीतल्या पोरांची नजर पडद्यावर किती टिकते ते आपण घरात बघतोच.

तर तुमच्या जागी मी काय लिहिलं असतं?

"कागद की टॅब" हे शीर्षकच टाळलं असतं. पहिला भाग जमिनीवरचा. ब्रीफिंगसाठी टॅब आजपासून सगळ्यांना. नोटॅम, हवामान, ई-एआयपी, विमानतळांचे चार्ट यांसाठी कागदाचे गठ्ठे छापत बसण्यात अर्थ नाही, आणि इथे सरांचाही विरोध असण्याचं कारण दिसत नाही. त्यासाठी प्रत्येकाला महागडा टॅब लागतही नाही. ब्रीफिंग रूममध्ये दोन-तीन पुरतात. फीमध्ये धरायच्या रकमेचा मालकांनी इथे पुन्हा विचार करावा. तुमच्याकडे येणाऱ्या कित्येक पोरांच्या मागे विकलेली जमीन आणि काढलेलं कर्ज असतं, हे तुमच्याइतकं पुण्यात बसून दिसत नाही. खर्च टॅबच्या किमतीपाशी थांबतही नाही: चार्टची वर्गणी दरवर्षी, स्टँड, जाणारी बॅटरी, फुटणारा पडदा. कागदाचे पैसे वाचवायचे म्हणून टॅब आणणार असाल तर आकडे मांडून बघा, बहुधा वाचणार नाहीत.

दुसरा भाग हवेतला, आणि तो टप्प्यांनी. नेव्हिगेशन शिकताना, पहिली सोलो क्रॉस कंट्री होईपर्यंत, विद्यार्थ्याच्या मांडीवर फक्त कागद. टॅब प्रशिक्षकाकडे. सोलोवर जाताना टॅब बरोबर न्यायला हरकत नाही, मात्र बंद करून, हात पोचेल अशा जागी, खऱ्या अडचणीसाठी. कमर्शियल लायसन्ससाठी ३०० नॉटिकल मैलांची एकट्याची क्रॉस कंट्री करावी लागते, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. तिच्याआधी टॅबचं रीतसर प्रशिक्षण झालेलं हवं. आज ते कुणीच देत नाही, पोरं एकमेकांकडून शिकतात, हाच खरा धोका आहे. पुढे नोकरीत त्यांना टॅबच वापरायचा आहे. तो न शिकवता पाठवणं हासुद्धा त्यांच्यावर अन्यायच.

त्या प्रशिक्षणात एक धडा असा असू द्या: उड्डाणाच्या मध्यावर प्रशिक्षक न सांगता टॅब काढून घेणार. मग मुलाने नकाशा उघडायचा, घड्याळ बघायचं, बाहेर बघायचं आणि दोन मिनिटांत बोट ठेवून दाखवायचं की आपण इथे आहोत. नकाशा आधीच वाटेची बाजू वर येईल असा घडी घालून मांडीखाली असेल तरच हे जमतं. बॅगेत असेल तर नाही. हा धडा घ्यायला तुमच्याकडे सरांपेक्षा योग्य माणूस कोण आहे? त्यांना "टॅब स्वीकारा" म्हणण्यापेक्षा "टॅब बंद पाडायचं काम तुम्ही घ्या" म्हणून बघा.

त्यांच्याशी बोलताना मालकांचा प्रस्ताव हातात घेऊन जाऊ नका. लातूर-नांदेडची रेघ मारलेला नकाशा घेऊन जा आणि विचारा, यातलं मुलांना काय आलंच पाहिजे? ते सांगतील ते लिहून घ्या. तो मजकूर तुमच्या प्रस्तावाचं पहिलं पान. नकाशाच्या वयाचा विषय त्यानंतर काढा, आणि एकट्यात काढा, विद्यार्थ्यांसमोर नको. हवं तर गप्पांच्या ओघात त्यांना जेपसनची आठवण करून द्या. अमेरिकेत टपालाची विमानं उडवणाऱ्या एल्रे जेपसनने वाटेतले अडथळे, धावपट्ट्या स्वतःच्या वहीत टिपून ठेवले आणि १९३४ पासून ती पानं दहा डॉलरला विकायला काढली. त्याआधी रेल्वेचे रूळ धरून उडणारे वैमानिक होते, आणि त्यांच्यातल्या काहींना ही वहीसुद्धा नवं खूळच वाटली असणार. सर हसतील असा माझा अंदाज आहे.

त्या मुलाबद्दल पत्रात एक गोष्ट सापडली नाही: उतरल्यावर त्याचं काय केलंत? रागावून गप्प बसवलं असेल तर पुढचा मुलगा टॉवरशी बोलायला लाजेल. त्याने चूक केली नकाशा बॅगेत ठेवण्याची. त्यानंतर केलं ते सगळं बरोबर: हरवलोय हे मान्य केलं, सांगितलं, रूळ ओळखले. नव्या बॅचला हा प्रसंग त्यानेच सांगावा, त्याची तयारी असेल तर. आणि "पोरं ऐकायलीच नाहीत" यावर म्हणेन, की चोरून वापरलेला टॅब परवानगीने वापरलेल्या टॅबपेक्षा कधीही वाईट. चोरून वापरणारा तो तपासून घेत नाही, आणि बंद पडला तर सांगतही नाही.

कागदोपत्री एवढं सांभाळा. तुमच्या ट्रेनिंग अँड प्रोसिजर मॅन्युअलमध्ये बदल न करता तोंडी नियम सुरू करू नका. काय मांडीवर, काय बॅगेत, कोणत्या टप्प्यावर, हे लिहून डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) रीतसर पाठवा. टॅबमधली माहिती दर २८ दिवसांनी अद्ययावत करण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका, "स्टाफ" असं मोघम लिहू नका. सिस्टीमचं आपोआप होणारं अपडेट बंद ठेवायला लावा, नाहीतर पहाटे सहाच्या उड्डाणाआधी टॅब स्वतःशीच खेळत बसेल. आणि चार्ट आधी डाउनलोड करून, विमान मोड लावून ते उघडतात का हे जमिनीवर बघायचं; मध्ये बालाघाटावर नेटवर्क शोधायचं नाही.

हे वाचणाऱ्या पालकांसाठी दोन शब्द, कारण अशी पत्रं त्यांचीही येतात. मुलाला फ्लाइंगला घालताना माहितीपत्रकात "प्रत्येक विद्यार्थ्याला टॅब" असं ठळक छापलेलं दिसेल. फी भरण्याआधी मुख्य प्रशिक्षकांना भेटा आणि विचारा, हा टॅब हवेत बंद पडला तर माझा मुलगा काय करेल, आणि ते तुम्ही त्याला कोणत्या महिन्यात शिकवता? उत्तर द्यायला ते नकाशा उघडून बसले, तर निदान एवढं तरी कळेल की तिथे नकाशा आहे.